म्हशींच्या वरचं पाणी

“मग या नदीचं कुठलं पाणी उष्टं नाही, तेवढं सांगा,” नीळकंठशास्त्री म्हणाले.

सटवाबाबा धावरी नदीच्या उतारावर पाण्यात पाय सोडून बसले होते.

“वरचं.”

“कशाच्या वरचं?”

“तुला जे खाली वाटतं त्याच्या.”

आता शास्त्रीबुवांचं दुखणं असं, की धावरीच्या काठी त्यांनी मठ बांधला होता आणि अक्षय्यतृतीयेला मूर्ती बसायची होती. गवळीवाड्यातल्या सगुणाबाईनं पहिल्या स्नानासाठी कलश चिंचेनं घासून, नदीचं पाणी भरून आणला. बुवांनी तो उंबऱ्यावरूनच परत धाडला.

“तुमच्या म्हशी डुंबतात त्यात. मी उगमाचं पाणी आणीन, कुणाचा पाय न लागलेलं. नाही आणलं तर मठाच्या गादीवर बसणार नाही.”

चारचौघांत बोलून गेले. तेवढ्यावर थांबायचं सोडून, तोवर नदीचा थेंबही तोंडात घेणार नाही, हेही ठोकून दिलं. वैशाखात.

बाबांना त्यांनी गुरू केलं होतं. फक्त गावात सांगताना आवाज जरा खाली घेत. बाबांना संस्कृत येत नव्हतं आणि दाढीत बहुधा भाकरीचा चुरा असे. पण डोंगरात एकट्यानं जायला बुवा घाबरत. म्हणून गुरू बरोबर.

दोघे चढू लागले, बुवांच्या हातात मठातला कलश. वाट पाण्याजवळून गेली की बाबा थांबत, ओंजळ भरत आणि चांगला आवाज करत पीत. बुवा झाडांकडे बघत.

“पी की घोटभर, नीळू.”

“नेम आहे माझा.”

“बरं,” म्हणून बाबांनी त्यांच्या वाटणीचंही पिऊन टाकलं.

पुढं पायवाट नदी सोडून डोंगराच्या सोंडेवर चढली. माथ्याखाली कातळात कोरलेलं कुंड होतं, त्यावर दगडी गोमुख. बुवांनी वहाणा काढल्या, शेंडीला गाठ मारली, कलश पुढं धरला.

गोमुखात कोळ्यानं जाळं विणलं होतं. कुंडात वाळकी पानं.

बुवा कलश धरून तसेच उभे राहिले…

“बाबा, हे कोरडं आहे.”

“वैशाखात असतंच.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“तू उगम दाखवा म्हणालास. दाखवला.”

बुवांना रागवायचं होतं, पण जीभ टाळूला चिकटली होती. राग गिळावा तर गिळायला थुंकीही नाही.

“मग खाली वाहतंय ते येतं कुठनं?” त्यांनी कसंबसं विचारलं.

बाबा उठले आणि कोरड्या पात्रातनंच उतरू लागले. धोंडे, आणखी धोंडे. बुवा मागोमाग, पायात पुन्हा वहाणा, रिकामा कलश काखेत. सगुणाबाई मठाच्या दारात उभी राहून कलशात डोकावतेय, हे त्यांना सारखं दिसत होतं.

एका वळणाशी पात्रातली माती काळी आणि मऊ झाली. तिथं म्हशी उभ्या होत्या, शिंगांना गेरू लावलेल्या. बुवांनी ओळखल्या. सगुणाबाईच्याच.

चिखलात त्यांचे खूर उमटले होते. एकेक खूर पाण्यानं भरला होता. एक सांडून दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात, आणि तिथून पुढं बोटभर धार खाली निघाली होती.

बुवांनी धारेच्या वर पाहिलं. वर पाणी नव्हतं. नुसता ओलावा.

“म्हणजे नदी… इथनं?”

“आज इथनं.”

“या खुरांतनं?”

“तुला म्हशींच्या वरचं पाहिजे ना?” बाबांनी दोन हात वरची जागा दाखवली. “तिथं उभा राहा. वहाणा काढ. दाब पाय.”

बुवांनी पाय दाबला. घोट्यापर्यंत गेला. काढला तेव्हा चिखलानं मोठ्ठा आवाज केला. एका म्हशीनं वळून पाहिलं.

पावलाच्या ठशात आधी काहीच नव्हतं. मग टाचेशी चकाकलं. हळूहळू बोटांपर्यंत भरलं, गढूळ, मग निवळत गेलं.

“घे. म्हशींच्या वरचं.”

“याला पाय लागलाय, बाबा.”

“कुणाचा?”

बुवांनी ठशाकडे पाहिलं.

मग गुडघ्यावर बसले आणि ओंजळीनं प्याले. आवाज करत. ठसा पुन्हा भरेपर्यंत थांबले आणि कलश बुडवला. तो काही बुडेना. ओंजळीओंजळीनं भरावा लागला.

भरून झाला तरी ते उठेनात. मांडीवर कलश, मांडीखाली चिखल.

“बाबा, सगुणाबाईला मी काय सांगू?”

बाबांनी खाली पाहिलं. बुवा वर ठाण मांडून बसल्यानं खुरांतली धार मधेच तुटली होती.

“आधी जरा बाजूला हो,” ते म्हणाले. “तिच्या म्हशी खोळंबल्यात.”