धूमकेतू कोणाच्या खांद्यावर?

अंतराळदलाच्या गुरूतळावर सर्वांत ज्येष्ठ सेनानीने खांद्यावर सोनेरी धूमकेतू लावायचा, अशी पद्धत होती. धूमकेतू एकच होता आणि सेनानी दोन, घोरपडे आणि अष्टपुत्रे. वेगवान यानात घड्याळ हळू चालते, त्यामुळे दोघांच्या नोकरीची वर्षे पृथ्वीच्या कॅलेंडरने वेगळी भरत आणि यानाच्या घड्याळाने वेगळीच. ज्येष्ठ कोण, हे कोणालाच कळेना. गोंधळलेले जवान दोघांच्या मधल्या भिंतीला सलाम ठोकत.

शेवटी दोघेही आस्थापना शाखेत वझलवारबाईंच्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. बिल्ल्यांच्या कपाटाची किल्ली बाईंकडे असे.

“बाई, संचलनाआधी धूमकेतू मला हवा,” घोरपडे गरजले. “नाहीतर तुमची बदली शनीच्या कड्यावर!”

“आणि मला नाही मिळाला, तर त्याच्याही पलीकडे!” अष्टपुत्रे म्हणाले.

बाईंनी चष्मा पुसला. “ज्यांची सेवा जास्त त्यांना देते, साहेब. किती झाली?”

“एकतीस वर्षं!”

“माझी बत्तीस!”

“छान.” बाईंनी दोघांपुढे एकेक कोरा कागद सरकवला. “एवढं लिहून सही करा. तीस वर्षं भरली की निवृत्ती, असा नियम आहे. धूमकेतू आज मिरवा आणि उद्या सकाळी जमा करा.”

घोरपड्यांनी पेन खाली ठेवले. “तसं आमचं यान फारच वेगात होतं. अठ्ठावीसच भरतील.”

“माझी सत्तावीस. ज्येष्ठ आपणच!”

“छे छे, आपण!”

धूमकेतू अजून कपाटातच आहे. बाईंच्या बदलीचे म्हणाल, तर त्या आदेशावर ज्येष्ठ सेनानीची सही लागते, आणि तळावर तसा कोणी नाही.