टिकलीने खाली नेलेली फांदी

डोंगर शेळ्यांशी बोलायचे, त्या काळातली ही गोष्ट.

उघड्या कड्याच्या कपारीत एक बिनकाट्यांचा, रसाळ अंगाचा निवडुंग राहायचा. अख्ख्या डोंगरात तसा तो एकटाच उरला होता. टिकली शेळीला त्याचं भारी नवल वाटायचं. माती मूठभर, पाण्याचा पत्ता नाही, मग हा जगतो कशावर?

"कशाला एवढे हाल सोसतोस?" ती म्हणाली. "एक फांदी दे, झऱ्याकाठी लावते. तुझा वंश तरी वाढेल."

निवडुंगाने फांदी दिली. टिकलीने ती एकदाही न चावता खाली नेली, चिखलात रोवली आणि रोज बघायला गेली. थोड्याच दिवसांत फांदी बुडाशी कुजली.

टिकली खाल मानेने कड्यावर आली. "माती होती, पाणी होतं. मग तिला कमी काय पडलं?"

"तहान," निवडुंग म्हणाला.