फडक्यात बांधलेली घुंगरं

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराळ मुलखातल्या एका राज्यात टपाल पायी जात असे. जासूद काठीला घुंगरं बांधून धावत. घुंगरं वाजली की गाडीवान गाडी बाजूला घेई, गुराखी गुरं आवरी आणि वाट मोकळी होई.

त्यांतला एक जासूद भलताच नावाजलेला होता. अख्खा घाट तो एका दमात चढायचा, आणि ते कुणाला विसरू देत नसे. पण एकदा निसरड्या पायरीवरून घसरून त्याचा पाय मोडला. हाड जुळायला वर्ष लागलं. वर्षभर ओसरीवर बसून पोट सुटलं, आणि विहिरीवरून घरी येईतो धाप लागू लागली. ती बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून तो दाराबाहेर उभा राहून श्वास गिळायचा.

पाय बरा झाल्यावर तो सगळ्या जासुदांच्या म्हाताऱ्या नाईकाकडे गेला. नाईकाने काठीची घुंगरं फडक्यात गच्च बांधली आणि मगच काठी त्याच्या हाती दिली. तशी रीतच होती. दुखण्यातून उठलेल्याने दोन महिने मुकी काठी घेऊन चालायचं, आणि टपालाची थैली घाटाच्या पायथ्याशी दुसऱ्या जासुदाला द्यायची.

"पाय जुळला, पण छाती अजून ओसरीवरच बसलीय," नाईक म्हणाला. "आधी नुसतं चाल. मग भरभर चाल. मग थोडं धाव, थोडं चाल. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत जा. शब्द तुटायला लागला की पाय आवर. छातीत कळ आली तर तिथंच बस आणि हाक मार."

जासुदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वाटेवर लोक त्याच्यासाठी बाजूला होत, तिथं आता तो शेळ्यांच्या मागून चालणार होता. आठ दिवस तो खाली मान घालून चालला. कुणाशी म्हणून बोलला नाही.

नवव्या दिवशी थैलीत औषध होतं. घाटमाथ्यावरच्या चौकीत पहारेकऱ्याची लेक तापाने फणफणली होती, आणि वैद्याने दुपारच्या आत पोचवायला बजावलं होतं. एवढं मोलाचं काम आणि हातात मुकी काठी, हे काही त्याला सोसेना. झुडपाआड जाऊन त्याने फडकं सोडलं.

पायथ्याच्या जासुदाने घुंगरं ऐकली आणि तो हसून बाजूला झाला. "बरं झालं दादा, पहिल्यासारखा झालास," तो म्हणाला. थैली त्याने मागितलीच नाही.

अर्धा घाट चढेपर्यंत जासुदाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत कळ उठली आणि तो वाटेवरच कोसळला. जागच्या जागी काठी हलवली की ती मदतीची हाक, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढ्यात वळणावरून शेळ्या हाकणाऱ्या बाईचा आवाज आला. जासुदाने घुंगरं मुठीत आवळली आणि तो सरपटत करवंदीच्या जाळीमागे लपला. बाई पुढे निघून गेली.

पुन्हा उठला, पुन्हा पडला. सूर्य माथ्यावरून कलला, तेव्हा कुठे त्याने काठी हलवली.

पुढच्या उतारावर शेळ्या चारणारी तीच बाई धावत आली. "मी मघाशी इथूनच गेले," ती म्हणाली. "तेव्हा का नाही वाजवलीस?"

बाईने त्याला सावलीत बसवलं, थैली घेतली आणि ती घाट चढू लागली.

औषध पोचलं तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलगी वाचली, पण तापाने तिचे कान गेले. दुपारी औषध मिळतं तर बहुधा वाचले असते, असं वैद्य म्हणाला.

जासुदाने काठी नाईकाच्या पायाशी ठेवली. नाईकाने घुंगरं पुन्हा फडक्यात बांधली. "काठी टाकणं सोपं आहे," तो म्हणाला. "ही बांधून चाल."

तो चालला. वाटेत लोक विचारत, काठी मुकी का? शरमेने त्याचे कान लाल होत, पण तो सगळं सांगे, जाळीमागे लपल्याचंही. सांगता सांगता शब्द तुटला की पाय आवरी. हळूहळू चालता चालता सगळी हकिगत सांगून होऊ लागली, मग धावता धावताही. दोन महिन्यांनी नाईकाने स्वतः फडकं सोडलं.

त्या दिवशी तो घुंगरं वाजवत, वाटेत दोनदा थांबून, घाट चढला. चौकीच्या अंगणात मुलगी पाठमोरी बसून धान्य निवडत होती. पहारेकरी उठून बाजूला झाला. कोंबड्या पांगल्या. घुंगरं तिच्या अगदी जवळ येऊन वाजली. मुलीने मागे वळून पाहिलं नाही.

बोध: मोडलेलं अंग सावरायला वेळ लागतो, त्याची लाज नसते, लाज असते ते लपवण्यात, आणि त्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.