शेवटच्या माणसामागची काठी

देऊळ कुठे आहे, हाच प्रश्न या खिंडीत आलेला प्रत्येक जण आधी विचारतो. देऊळ नाही. बांधायचं राहून गेलं असंही नाही. बांधू दिलेलं नाही. उजव्या हाताला तो काळा कातळ दिसतो, त्यात मनगटभर रुंदीचा एक खळगा आहे, तो बघा. नुसता फोटो काढून पळू नका. हात घाला आत. छिन्नीची खूण लागणार नाही.

चैत्रात तांबरवाडीची काठी भैरोबाच्या डोंगराला चालत निघते. वाटेत ती या खळग्यात उभी राहते आणि मागे रेंगाळलेला शेवटचा माणूस खिंड ओलांडेपर्यंत जागची हलत नाही. तोवर तांबरवाडीचे मानकरी, एरवी मिशांना पीळ भरत हिंडणारे, फेटे काढून, माना खाली घालून एका बाईच्या शिव्या खातात. शिव्या देणं हा त्या बाईच्या घराण्याचा मान आहे. हल्ली एक माईकवाला मिरवणुकीबरोबर असतो. तो मागून ‘मावशी, आटपा जरा’ म्हणतो. त्याच्या कानाखाली एक वाजवावी असं वाटतं, पण त्याचाही दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही, की हे का चालतं.

ही काठी म्हणजे हातात धरायची काठी नव्हे. चार पुरुष उंचीचा वेळू, त्याला रंगीत फडकी गुंडाळलेली, टोकाला फेटा. एकाने ती छातीशी पेलायची आणि चौघांनी चहूबाजूंनी दोर ताणून तोल सांभाळायचा. उचलली की मुक्काम येईपर्यंत टेकवायची नाही. टेकली तर गावावर अरिष्ट येतं, असं म्हणत. शिवाय डोंगरावर ज्या गावाची काठी आधी पोहोचेल त्या गावाला पहिल्या आरतीचा मान. असं देवाने कुणाच्या स्वप्नात येऊन सांगितलेलं नाही. ही माणसांची खाज.

त्या साली, फार जुनी गोष्ट आहे, काठी पेलायचा मान रावजीकडे आला. रावजी लहानपणी तापाने फणफणला होता, अगदी हातचा जायची वेळ आली होती, तेव्हा त्याच्या आईने, धुरपाने, नवस बोलला होता म्हणे: माझं पोर काठी उचलण्याएवढं होऊ दे, मी अनवाणी काठीमागं चालत येईन. पोर तेवढं झालं. नवस फेडायला धुरपा निघाली, आणि तिच्याबरोबर तिची सून गोजरा.

या दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पहिल्या दिवशी गुलाल, हलगी, ‘भैरोबाच्या नावानं चांगभलं’, त्या नादात सगळेच चालले. दुसऱ्या दिवशी नदीची तापलेली वाळू लागली आणि धुरपाच्या तळपायांना फोड आले. गोजराने आपल्या वहाणा काढून पुढे सरकवल्या.

“नवस माझा हाय, तुझ्या बापाचा न्हाई,” धुरपा म्हणाली.

“मग जळा,” म्हणून गोजरा तरातरा पुढे गेली. पण तिसऱ्या दिवशी, उघड्या माळावर, दर वळणाला गोजराच्या पायात काटा मोडत होता. ती बसायची, तळवा चाचपायची, आणि सासू दिसली की पुन्हा फणकाऱ्याने चालू लागायची. असला काटा सगळ्या वाटेत दुसऱ्या कुणाला मोडला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे बातमी आली की पलीकडच्या गावची काठी पुढच्या घाटाला लागली. मानकऱ्यांचा पुढारी आबाजी. त्याने फर्मान काढलं: आज दुपारचा विसावा नाही. काठी पेलणाऱ्यांना वाटेत पाणी लागेल, म्हणून तरण्या बायांनी घागरी घेऊन पुढे चालायचं. गोजराने विचारलं, “मग आत्याबाईंकडं कोण बगंल?”

आबाजी म्हणाला, “मागं ऱ्हाईल त्यो देवाचा.”

ही चालणाऱ्यांची जुनी म्हण. थकल्या-भागल्याला देव सांभाळून आणतो, असा तिचा अर्थ. म्हणायला फार सोपी आहे, कारण ती म्हणणारा नेहमी पुढे असतो. रावजीनेही ऐकली आणि मान डोलावली. गोजराने घागर उचलली. ती का उचलली, म्हणून तिला जन्मभर स्वतःचाच राग येत राहिला, असं सांगतात.

उन्हं कलता कलता काठी या खिंडीत पोहोचली. गोजराने घागर उतरवली आणि मागे वळून बघितलं. माणसं येत होती, पण सासू नव्हती. तिने येणाऱ्या एकेकीला विचारलं. शेवटी एक जण म्हणाली, “हिवराच्या ओढ्याशी बसलीया की. मला म्हनली, व्हा म्होरं, येते.”

“कवा?”

“ऊन डोक्यावर याच्या आदी.”

ओढा कोरडा होता. सगळा गाव काठावरच्या त्या हिवराच्या झाडाजवळून आला होता. कुणी ‘चला आई’ म्हटलं होतं, कुणी नवस फेडणारी बाई म्हणून तिच्या पाया पडून पुढे निघालं होतं. पाया पडलं होतं! पाणी कुणी पाजलं नव्हतं, कारण घागरी पुढे होत्या.

खिंड इतकी अरुंद, की आडवं बसलेल्या माणसाला ओलांडल्याशिवाय काठी जाणार नाही. गोजरा तिथेच आडवी बसली.

“बाई, ऊठ,” आबाजी ओरडला. “देवाची वाट अडवू नगंस.”

“देवाची? मागं ऱ्हाईल त्यो देवाचा, असं तुमीच म्हनलासा न्हवं? मग देव मागं हाय, माज्या सासूपाशी. ह्यो कुणाला मिरवत न्हेताय म्होरं? वेळूच्या दांड्याला?”

दोर धरलेल्यांच्या माना खाली गेल्या. पलीकडून दुसऱ्या गावची हलगी ऐकू यायला लागली होती. आबाजीचा जीव टांगणीला लागला. तिला ओढून बाजूला करा, असं तो म्हणाला. हात कुणी लावला नाही. रावजी काठी छातीशी धरून उभा. गोजराने त्याच्याकडे बघितलं.

“माजी तर ती निस्ती सासू हाय,” ती म्हणाली. “तुमची आई हाय.”

म्हणे, तेव्हा रावजीच्या हातातला जीव गेला. दोर आधीच ढिले पडले होते. काठी सरकली आणि तिचं बूड कातळावर आपटलं. कातळ लोण्यासारखा खचला आणि काठी त्यात उभी राहिली. गावाने हाय खाल्ली. आबाजीने नारळ फोडला, अंगारा लावला, दहा गडी लावून बघितले. डोंगराकडे तोंड करून कितीही जोर लावला तरी काठी तसूभर हलेना. पलीकडची हलगी डोंगर चढून गेली. आबाजी गोजराला शाप देत होता आणि गोजरा त्याला एकाला दोन सुनावत होती.

रावजीने फेटा उतरवला. आल्या वाटेकडे तोंड केलं आणि काठीला हात घातला. ज्वारीच्या ताटासारखी हलकी वर आली, असं सांगतात.

मग सगळा गाव उलटा चालला, काठीसकट. गोजरा घागर घेऊन पुढे धावत होती. हिवराच्या झाडाखाली धुरपा खोडाला टेकून बसली होती. डोळे उघडे, ओठ फाटलेले. गोजराने तिच्या तोंडात पाणी सोडलं. घोट उतरला. धुरपाने विचारलं ते एवढंच: “माज्यापायी काठी अडली न्हाई न्हवं?”

गोजराच्या मस्तकात तिडीक गेली. मरायला टेकलेली बाई, आणि तिला घोर काठीचा! पण आयुष्यात पहिल्यांदा तिने सासूला उलटं उत्तर दिलं नाही. तिने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “न्हाई आत्याबाई. काठी तुमच्या मागं हाय. समद्यांच्या म्होरं तुमी हाय.”

धुरपाने मान वळवून बघितलं. काठी खरंच मागे उभी होती, तिच्या लेकाच्या छातीशी. तेवढं बघून ती गेली.

तिला खांद्यावर घेऊन गाव खिंडीत आला, पुढे धुरपा आणि मागे काठी. आबाजी आता वरमला होता. तो म्हणाला, “चूक झाली, पोरी. हितंच तिचं देऊळ बांदू. दरसाल नारळ फोडू.”

“देऊळ नगं,” गोजरा म्हणाली. “देऊळ बांदलंसा की हात जोडून म्होरं जायला तुमी मोकळं. तिच्या पाया पडूनच गेलासा की सकाळी! मी दरसाल हितं बसनार. तुमी फेटं काडून हुबं ऱ्हायचं आनि मी शिव्या दीन त्या ऐकायच्या. शेवटचं मानूस पार झालं की उठंन.”

आबाजीने मान खाली घातली. त्या साली तांबरवाडीला आरतीचा मान मिळाला नाही, आणि त्यानंतर कधीच मिळाला नाही. कसा मिळणार? ज्यांची काठी सगळ्यांच्या मागून चालते ते आधी पोहोचत नाहीत.

आजही गोजराच्या घरची सून चैत्रात या वाटेत आडवी बसते. शिव्या जुन्याच, त्यात दर साली नव्यांची भर. कुठे कुणाची म्हातारी गोठ्यात झोपते, कुणाचा बाप दवाखान्यात एकटा पडलाय, सगळं ती नाव घेऊन काढते, आणि मानकरी ऐकतात. माईकवाल्याला घाई असते. पण खालच्या वळणावर कुणीतरी लंगडत येत असतं. ते येतं, पाणी पितं, खिंड ओलांडतं. मग बाई उठते, पदर झटकते आणि विचारते, “मागं कोण हाय?”

उत्तर मानकऱ्यांनी द्यायचं नसतं. त्या शेवटच्या माणसाने द्यायचं असतं. ते वळून खात्री करून घेतं आणि म्हणतं, “काठी हाय.”