नीळकंठाचे नारिंगी जोडे

त्या राज्यात कुणालाही पाय नव्हते. म्हणजे होते, चांगले दोन-दोन होते. पण त्यांच्याकडे बघायचे नाही आणि त्यांच्याविषयी बोलायचे नाही, असे फार पूर्वी ठरून गेले होते. ते मोरांचे राज्य होते. मानेचा निळा रंग, डोक्यावरचा तुरा, पिसाऱ्यावरचे डोळे हे सगळे एवढे देखणे, आणि त्याखाली ते काळपट, खवल्यांचे, वाकड्या बोटांचे पाय. कुठल्यातरी पूर्वजाला हे सहन झाले नसावे. त्याने मान वर केली ती वरच ठेवली, आणि त्याचे बघून मग सगळ्यांनीच ठेवली.

अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू खाली बघू लागले की आई चोचीने त्याची मान वर करून देई. दाणे टिपायला मान खाली घालावीच लागे, तेव्हा डोळे मिटून घेण्याची रीत होती. भाषेतूनही पाय हद्दपार झाले होते. कुणाच्या पायाला लागलेच, तर तो म्हणे, "आज हवा जरा जड आहे." ऐकणारा म्हणे, "हो, जडच आहे." विषय तिथे मिटे.

अडचण एवढीच होती, की त्या राज्यात सराटे माजले होते. सराट्याचा वेल जमिनीलगत पसरतो आणि त्याच्या फळाला चहूबाजूंनी काटे असतात. खाली बघून चालणाऱ्याला ते चुकवता येतात, वर बघून चालणाऱ्याला येत नाहीत. त्यामुळे राज्यातला झाडून प्रत्येक जण लंगडत होता. एक पाऊल टाकायचे, अंग किंचित झुलवायचे, क्षणभर थांबायचे, मग दुसरे टाकायचे. या लंगडण्याला तिथे डौल म्हणत. परक्या मुलखातले पक्षी तो डौल बघायला मुद्दाम येत आणि घरी गेल्यावर तसे चालून बघत.

या राज्यात नीळकंठ नावाचा एक तरुण मोर आपल्या आत्याजवळ राहत असे. आईबाप लहानपणीच गेले. डोळे मिटून दाणे कसे टिपायचे हे आत्यानेच त्याला शिकवले. त्या वर्षी पळस फुलला, आणि माळावरच्या मेळ्यातला पहिला नाच नीळकंठाने करायचा असे ठरले. आत्याने ही बातमी सांगून सांगून शेजाऱ्यांना भंडावून सोडले. नीळकंठाचा तर सगळा जीवच नाचात होता. एरवी तो ओशाळल्यासारखा वावरायचा. कुणी दोघे हसले, तरी आपल्यालाच हसले असे त्याला वाटायचे. नाचताना मात्र त्याला कुणाचे भान राहत नसे.

आणि नेमका मेळा तोंडावर आला असताना त्याच्या डाव्या पायात काटा मोडला. पाय सुजला, ठणकू लागला.

"आत्या, हवा जड आहे," तो म्हणाला.

"मान जरा आणखी वर धर, म्हणजे हलकी होईल," आत्या म्हणाली. तिला दुसरा उपाय माहीत नव्हता.

राज्याच्या सीमेवर एक तळे होते, आणि तळ्यावर वाकलेल्या बाभळीत एक सुगरण पक्षीण घरटी विणत बसलेली असे. कुठे बघावे आणि कुठे बघू नये, असला नियम तिच्या जातीत नव्हता. नीळकंठ पाणी प्यायला आला, तशी तिने वरूनच विचारले, "पायाला काय झालं रे?"

तो शब्द कानावर पडताच नीळकंठाने मान आणखी वर केली. त्याने आजूबाजूला पाहिले. कुणी नव्हते. मग त्याने, जन्मात पहिल्यांदाच, पाय पुढे केला.

सुगरणीने काटा काढला आणि पुन्हा मोडू नये म्हणून गवताचे जोडे विणून देते म्हणाली. "मळखाऊ रंगाचे करू का? मातीत मिसळून जातील, कुणाला कळायचेही नाहीत."

हो म्हणायचे सोडून नीळकंठाची नजर फांदीवर वाळत घातलेल्या गवताकडे गेली. पळसाच्या फुलांत रंगवलेले ते गवत उन्हात नुसते पेटले होते. "ते," तो म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळले.

जोडे तयार झाले. भडक नारिंगी, टोके वर वळलेली, टोकांवर गोंडे. तळाला बाभळीची साल होती, ती पावलागणिक करकर वाजे. नीळकंठ तळ्याकाठी येरझारा घालू लागला. पाण्यात वाकून बघितले, मागे सरून बघितले, पुन्हा वाकून बघितले. पाऊल टेकवताना तो दचकत नव्हता. त्याला इतका आनंद झाला, की सुगरणीचे आभार मानायचेही राहून गेले.

तो आनंद सीमेपर्यंत टिकला.

राज्यात पहिले पाऊल पडले आणि करकर असा आवाज झाला. वडाखाली बसलेल्या मोरांच्या माना वर होत्या, त्या आणखी वर गेल्या. कुणी त्याच्याकडे पाहिले नाही. कुणी हसले नाही, रागावले नाही. "पिसारा छान वाढलाय तुझा," एकजण आभाळाकडे बघत म्हणाला. नीळकंठाला वाटले, धरणी पोटात घेईल तर बरे.

त्यानंतर त्याला चैन पडेना. यांना दिसले की नाही? दिसले असेल, तर बोलत का नाहीत? दिसले नसेल, तर माना एवढ्या वर का गेल्या? कुणी तोंडावर थट्टा केली असती तर तो भांडला असता, निदान रडला तरी असता. पण त्या न बघण्याशी भांडायचे कसे? तो उंच गवतातून चालू लागला. थांबायची वेळ आली की मोठ्या दगडामागे थांबायचा. पाऊल हळू टाकले तर आवाज लांबत होता, भरभर टाकले तर आवाज वाढत होता. आपली लंगड गेली हे कुणाला कळू नये म्हणून तो मुद्दाम लंगडू लागला, आणि कोणत्या पायाने लंगडायचे हे विसरून दोन्हींनी लंगडला. दिवसातून किती तरी वेळा तो जोडे काढी, जाळीत लपवी, चार पावले जाई आणि परत येऊन घाली.

शेवटी न राहवून त्याने आत्याला विचारले, "आत्या, माझ्यात काही वेगळं दिसतंय का गं?"

"तुरा छान दिसतोय," आत्या म्हणाली.

"तुऱ्याचं नाही विचारत."

"मग कशाचं?"

ज्याच्याविषयी विचारायचे होते त्याला त्या घरात नावच नव्हते.

मेळ्याच्या आदल्या दिवशी तुराजीराव स्वतः घरी आले. ते मेळ्याचे मुख्य मानकरी. त्यांची मान इतकी वर असे, की समोर कोण आहे हे ते आवाजावरून ओळखत.

"नीळकंठा, अलीकडे हवेत काहीतरी करकरतं," ते म्हणाले.

"काय करकरतं, रावसाहेब?"

तुराजीराव अडखळले. काय ते सांगायचे तर तो शब्द उच्चारावा लागणार होता. "काय का असेना. उद्या मेळ्यात ते ऐकू येता कामा नये. आलं तर यापुढे तू माळावर नाचायचं नाहीस. उद्याही नाही आणि पुन्हा कधीही नाही."

एवढे बोलून ते डौलात वळले, अंगणातल्या सराट्यावर नेमके पाऊल देऊन क्षणभर थांबले आणि हवा फारच जड असल्याचे पुटपुटत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माळ मोरांनी भरून गेला. पुढच्या रांगेत आत्या होती. नीळकंठाने कडेच्या करवंदीच्या जाळीत जोडे काढून ठेवले आणि तो अनवाणी रिंगणात उतरला. जखम अजून ओली होती. काही पावले गेली आणि काटा नेमका तिथेच घुसला. कळ मस्तकात गेली, अंग झुलले, तो थांबला.

"वा," कुणीतरी म्हणाले, "काय डौल आहे."

सगळा माळ दाद देऊ लागला. नीळकंठाने पिसारा उभारला आणि गिरकी घ्यायला गेला, पण पाय टेकवेना. तो कोलमडता कोलमडता सावरला, त्यालाही दाद मिळाली. त्याला आधी रडू आले, मग राग आला, आणि मग एकाएकी या सगळ्याचा कंटाळा आला. दुखते म्हणून नाचता येत नव्हते, आणि नाचता येत नव्हते त्यालाच हे वाहवा म्हणत होते. नाच नव्हताच तर तो जाण्याची भीती कशाला धरायची? तो वळला, सगळ्यांदेखत जाळीपाशी गेला, जोडे पायांत घातले आणि परत आला.

करकर, करकर. एवढ्या मोठ्या माळावर दुसरा आवाज नव्हता.

माना वर गेल्या. तुराजीरावांची इतकी वर गेली, की ते मागच्या मागे पडता पडता वाचले. नीळकंठाने नाच सुरू केला. त्याने एक गिरकी घेतली, दुसरी घेतली. पाऊल आपटले तर ते जमिनीला लागले, जमिनीने त्याला परत वर उडवले. असा नाच तोही कधी नाचला नव्हता. तरी मन जागेवर नव्हते. आता हसतील, आता हाकलतील, असे प्रत्येक गिरकीला वाटत होते. त्या धास्तीने कुठेतरी बघायला हवे म्हणून, आणि वरच्या रिकाम्या आभाळाकडे आता त्याला बघवेना म्हणून, त्याने नाचता नाचता मान खाली केली आणि आपल्या पायांकडे पाहिले. भर मेळ्यात, उघड्या डोळ्यांनी. जोडे उन्हात झळकत होते, गोंडे उडत होते. त्याला ते आवडले. तो त्यांच्याकडे बघतच नाचला आणि दमला तेव्हा थांबला.

वर बघण्याचे त्याचे धाडस होईना. सगळे आपल्या पायांकडे टक लावून बघत असणार, हे त्याला न बघताही जाणवत होते. किती तरी वेळाने त्याने मान उचलली.

माळावरच्या साऱ्या माना खाली होत्या. पण नीळकंठाच्या जोड्यांकडे कुणाचेच लक्ष नव्हते. जो तो स्वतःच्या पायांपाशी वाकला होता, आणि पुढच्या रांगेत आत्या एक पाय उचलून, आतपर्यंत रुतलेला, जुना, काळा पडलेला एक काटा चोचीने हळूहळू ओढून काढत होती.