न फुललेली कारवी

डोक्यावरचं ओझं उतरवायची वेळ झाली, मान अवघडून गेली, तरी ते उतरवायला मन होईना, असं तुमचं कधी झालंय का? झालं असेल, तर या गोष्टीतला गावाचा मुख्य तुम्हाला परका वाटणार नाही.

फार फार पूर्वी, वाटांना अजून नावं पडली नव्हती तेव्हा, एका डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वरची सगळी उतरण कारवीने भरलेली होती. कारवी दर पावसाळ्यात नुसतीच हिरवी होते आणि सात वर्षांनी एकदाच फुलते. मग सगळा डोंगर जांभळा दिसतो. फुलून झालं की ती बी टाकते, वाळते आणि मरते. तिच्या वाळक्या काठ्या तोडून गावकरी घरांचे कुड विणत आणि त्यावर माती लिंपत. तोवर खाली नवी रोपं वर आलेली असत.

या कारवीवरच गावाने आपला नियम बेतला होता. आपल्या उतरणीवरची कारवी फुलली की मुख्याने डोक्यावरचं पागोटं उतरवायचं आणि गाव ज्याला निवडेल त्याच्या डोक्यावर ठेवायचं. एकदा उतरवलेलं पागोटं जन्मात पुन्हा घालायचं नाही.

आपला हा मुख्य वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याने झऱ्यापर्यंत पायऱ्या बांधल्या होत्या. भावाभावांमधली किती भांडणं त्याने गोडीने मिटवली होती. त्याची बायको मात्र कारवी फुलण्याची वाट बघत होती. सकाळी दार उघडावं तर ओट्यावर माणसं तक्रारी घेऊन बसलेली. नवऱ्याशी दोन शब्द बोलावे तर तो जेवता जेवताच पेंगायचा.

“एकदाची कारवी फुलू दे,” ती मनाशी म्हणायची, “मग हा माणूस माझ्या वाट्याला येईल.”

सातवं वर्ष लागलं, आणि मुख्याचं जेवण कमी झालं. “माझ्यामागे या गावाचं कसं होणार?” असं तो सारखं म्हणू लागला. त्याचा कारभारी मोठा हुशार होता. तो म्हणाला, “बाबा, नियम मोडायचा नाही, हे तर खरंच. पण कारवी फुललीच नाही, तर?”

दुसऱ्याच आठवड्यात दवंडी पिटली. घरांचे कुड जुने झाले आहेत, तर सगळ्यांनी कोयते घेऊन उतरणीवर यावं. कळ्या धरायच्या आत सगळी कारवी कापली गेली. मुख्याच्या बायकोनेही कापली. मनातून तिला पटलं नव्हतं, पण सगळ्यांबरोबर तिचाही हात चालला.

त्या वर्षी समोरचा डोंगर जांभळा झाला. शेजारच्या गावचा तो डोंगर. यांची उतरण मात्र हिरवी ती हिरवीच.

“आपली कारवी लाजली वाटतं यंदा!” पाणवठ्यावर एक म्हातारी म्हणाली.

“लाजेल नाही तर काय, आजी? ऐन कळ्यांच्या आधी हजामत केलीय तिची,” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, आणि घागरी उचलून घरी गेल्या. नियम कुणी मोडला नव्हता. मग कुणी कुणाला काय म्हणायचं?

घरी मुख्याच्या बायकोने विचारलं, “अहो, समोर फुललीय ती कारवी नाही का?”

“ती त्यांची आहे,” मुख्य म्हणाला. “आपली अजून फुलायची आहे.”

मग दरवर्षी कुड दुरुस्त होऊ लागले, गरज असो वा नसो. वर्षांमागून वर्षं गेली. मुख्याचे केस पिकले, गुडघे धरले, ओट्यावरची गर्दी तेवढीच राहिली. कोंबडी कुणाच्या परड्यात शिरली, इथपासून मुलगी कुठे द्यावी इथपर्यंत सगळं त्यालाच विचारायचं. तो वैतागायचा, थकायचा आणि तरी सांगायचा. बायकोने वाट बघणं सोडून दिलं होतं. ती आता नुसतं त्याच्यापुढे ताट ठेवायची आणि पेंगणाऱ्या माणसाला हलवून जागं करायची.

एका पावसाळ्यात उतरण हिरवी झालीच नाही. मुख्याची बायको वर गेली. तिने एक खुंट धरून ओढला, तर लहान मुलाचा दात निघावा तसा तो अलगद हातात आला. मुळं कुजली होती. इतक्या वर्षांत बीच पडलं नव्हतं, तर नवं रोप येणार कुठून?

ती तशीच चिखलाच्या पायांनी घरी आली.

“अहो, वरची माती उघडी पडलीय. आता तरी पागोटं उतरवा.”

“उतरवतो,” मुख्य म्हणाला. तो खरंच फार दमला होता. “पण कुणाच्या डोक्यावर ठेवू? एक नाव सांग.”

ती आठवू लागली. ज्यांच्यात धमक होती, ते वाट बघून म्हातारे झाले होते. जे तरुण होते, त्यांनी आजवर कोंबडीचंही भांडण सोडवलं नव्हतं. तिला एकही नाव सुचलं नाही. उघड्या मातीपेक्षा तिला याचीच जास्त भीती वाटली.

श्रावणात झड लागली. एका दुपारी डोंगरात घरघर ऐकू आली. सगळं गाव धावत मुख्याच्या दारात आलं. तो तापाने अंथरुणावर पडला होता.

“बाबा, कुठे जायचं? देवळाकडे की पठारावर?”

“तुम्हीच ठरवा रे,” तो कसाबसा म्हणाला.

माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. कुणी पाऊल उचलेना. शेवटी मुख्याची बायकोच ओरडली, “पठारावर चला! पोरं उचला आधी!” तेव्हा कुठे गाव हललं. माणसं वाचली. पण गुरांची दावी सोडायला वेळ उरला नाही. गोठे, घरं, भाताची खाचरं, झऱ्याच्या पायऱ्या, सगळं उतरणीवरून घसरत आलेल्या चिखलाने पोटात घेतलं.

पठारावर उचलून आणलेल्या मुख्याने पागोटं काढलं आणि समोर धरलं. “घ्या रे कुणीतरी,” तो म्हणाला. कुणी पुढे आलं नाही. बायकोने ते त्याच्या हातातून घेतलं, पिळलं आणि त्याचं भिजलेलं डोकं पुसलं.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: जो आपली मुदत संपू देत नाही, त्याच्यामागे काहीच उगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकऱ्यांनी चिखलात सापडली तेवढी भांडी गोळा केली, आणि ते खालच्या खोऱ्यात दुसऱ्यांच्या शेतांवर राबायला निघून गेले.