जुळ्या मेंढ्यांची लोकर

फार फार वर्षांपूर्वी, मेंढ्या माणसांशी बोलत आणि माणसं ऐकून घेत नसत, त्या काळची गोष्ट. खोटी वाटली तर कुठल्याही मेंढीला विचारा.

नदीकाठच्या उबदार खोऱ्यात एक मेंढपाळ राहायचा. त्याच्या मेंढीला जुळी कोकरं झाली. दोघींना पुरेल इतकं दूध आईला नव्हतं, म्हणून त्यानं थोरली कोकरी मेव्हण्याकडे, वर थंडगार पठारावर धाडली. धाकटी खाली राहिली.

त्या मुलखात एक रीत होती. कातरणीच्या दिवशी प्रत्येक मेंढीच्या लोकरीचा वेगळा ढीग घालायचा. ज्या मेंढीचा ढीग सगळ्यांत लहान, ती खाटकाकडे जायची. वाईट रक्त कळपात नको!

दोन वर्षांनी मेव्हणा थोरलीला घेऊन कातरणीला आला. तिची लोकर दोन्ही हातांत मावेना. धाकटीची ओंजळभरच निघाली.

"रक्तच पातळ हिचं!" मेंढपाळ म्हणाला.

"अहो, जुळ्या ना त्या?" बायको म्हणाली. "मग एकीचंच रक्त पातळ कसं?"

"तू भाकरी बघ."

धाकटी म्हणाली, "धनी, एक हिवाळा मला वर पठारावर काढू द्या. मग खुशाल कातरा, नाहीतर कापा."

मेंढपाळ पोट धरून हसला. संध्याकाळी खाटीक तिला घेऊन गेला.

दाट लोकरीची थोरली आता त्यानं खोऱ्यातच ठेवून घेतली. साऱ्या गावाला दाखवत फिरला. पुढल्या कातरणीला तिचीही ओंजळभरच लोकर निघाली.

मेंढपाळाच्या हातातली कातर तशीच राहिली. त्यानं मेव्हण्याला बोलावलं.

"म्हणजे सगळी करामत थंडीचीच?"

"छे हो दाजी! माझी शेळी दहा वर्षं त्याच थंडीत कुडकुडतेय. तिच्या अंगावर कुठं घोंगडं उगवलं? लोकर रक्तातच असावी लागते. पण ती किती वाढायची, हे थंडी ठरवते."

"मग धाकटीच्या रक्तातही..."

मेव्हण्यानं मान डोलावली.

रीत मोडून मेंढपाळानं थोरलीला वर धाडलं. हिवाळ्यानंतर तिच्या लोकरीत बोटं रुतवली तर दिसत नव्हती. त्या लोकरीचं त्यानं घोंगडं विणलं. लोक म्हणाले, असं घोंगडं पाहिलं नाही. त्यानं मात्र ते जन्मभर अंगावर घेतलं नाही.

तात्पर्य: कुणाच्या रक्ताला नावं ठेवण्याआधी, ते कुठल्या हवेत वाढलं हे विचारावं; नंतर कळलं, तरी गेलेला जीव परत येत नाही.